महासंगणकाला जे चालते, ते कारकुनाच्या मेजावर का चालू नये?

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर ८१ मध्ये, ‘नॉलेज सिटी’ या नावाने ओळखला जाणारा परिसर आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था अशा सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था तेथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. यांपैकी जैवतंत्रज्ञान संस्थेत ‘परम स्मृती’ नावाचा महासंगणक आहे. त्याची क्षमता ८३८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३८ लाख कोटी गणिते करण्याची. २०१५ मध्ये हाती घेतलेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानातून तो उभा राहिला आणि तो उभारला पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने.

हा महासंगणक लिनक्सवर चालतो. त्यात नवल काहीच नाही. जगातील सर्वांत शक्तिमान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहे. नवल वाटावे अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्या देशात पिकांच्या जनुकांचे किचकट गणित मुक्त सॉफ्टवेअरवर बिनबोभाट होते, त्याच देशातील तहसील कचेरीत साधे पत्र टंकित करण्यासाठी, शाळेत मुलांना तक्ता करायला शिकवण्यासाठी एका अमेरिकन कंपनीचा परवाना अपरिहार्य मानला जातो. महासंगणकाला जे पुरते ते कारकुनाच्या मेजाला का पुरू नये, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते अर्थकारणात आणि राजकारणात शोधावे लागते.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

संगणकाचा सगळा कारभार हाकणारी जी पायाभूत प्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी प्रणाली सर्वांसाठी खुली असावी म्हणून ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या परवान्याचे मर्म असे की, सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, त्याचा मूळ संकेत वाचावा, तो बदलावा, इतरांना द्यावा. मात्र बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती देताना हेच अधिकार त्यालाही द्यावेत. मुक्त याचा अर्थ फुकट असा नव्हे. वापरणाऱ्यावर मालकाची हुकमत नाही, हा त्याचा अर्थ आहे.

ही हुकमत म्हणजे काय, हे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. पुढच्या आवृत्तीसाठी कंपनीने यंत्रावर अशा अटी घातल्या आहेत की, सुस्थितीत चालणारे असंख्य संगणक त्यात बसत नाहीत. अशा सुमारे २४ कोटी संगणकांचे भंगार होईल, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. यंत्र झिजलेले नाही, परंतु मालकाच्या फर्मानाने ते निकामी ठरते. जिल्हा परिषदेच्या शाळेने लोकवर्गणीतून घेतलेला संगणकही या फर्मानातून सुटत नाही.

दुसरा प्रसंग जुलै २०२५ मधला. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांचा टपाल व इतर सेवा तोडल्या. त्यांची भारतातील कामाची साधने एका सकाळी बंद पडली. हे निर्बंध ना भारताच्या संसदेने लादले होते, ना संयुक्त राष्ट्रांनी. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही भांडवलदारी कंपनी आहे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण जी कळ तिच्यावर दाबली गेली, ती उद्या एखाद्या रुग्णालयावर, वीज मंडळावर वा राज्य सरकारवर दाबली जाणार नाही, याची हमी कोण देणार?

भारताला हा अनुभव नवा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने बलाढ्य क्रे महासंगणक देण्यास नकार दिला. त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नॉलेज सिटीतील ‘परम स्मृती’ हा त्याच वंशातला. महासंगणकाच्या बाबतीत जो धडा सार्वजनिक क्षेत्राने गिरवला, तो मेजावरच्या संगणकाच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकला.

स्वदेशी म्हणजे मुक्त नव्हे

अलीकडे राज्यकर्त्यांना स्वदेशीचा उमाळा आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा कचेरी-संच वापरण्याचा आदेश काढला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे टपालही त्याच कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आले. परदेशी मक्तेदाराच्या जागी देशी भांडवलदार आला, एवढाच याचा अर्थ. मूळ संकेत पूर्वीइतकाच कुलपात आहे. फक्त किल्लीचा मालक बदलला.

वास्तविक केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे रीतसर धोरण जाहीर केले आहे. खरेदी करताना मुक्त पर्यायाला प्राधान्य द्यावे, तो वगळायचा असल्यास कारणे द्यावीत, असे त्यात नमूद आहे. सी-डॅकने तर २००७ मध्येच ‘बॉस’ नावाची, मराठीसह भारतीय भाषांत चालणारी लिनक्स प्रणाली काढली. धोरण आहे, प्रणाली आहे, तिची क्षमता सिद्ध करणारा महासंगणकही आहे. उणीव आहे ती राजकीय इच्छाशक्तीची.

उत्साह आणि संघटना

लिनक्सविषयी तरुण अभियंत्यांत व विद्यार्थ्यांत मोठा उत्साह आहे. नवी आवृत्ती निघाली की ती आनंदाने एकमेकांच्या संगणकावर बसवून दिली जाते. २०२४ च्या आरंभी जगातील मेजावरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा ४ टक्क्यांवर गेल्याची नोंद झाली, तेव्हा ही बातमी विजयवार्तेसारखी पसरली. ‘हे वर्ष लिनक्सचे’ ही घोषणा तर या वर्तुळात दरवर्षी होते. हा उत्साह निर्मळ आहे. नफ्यावाचूनही माणसे उत्तम काम करतात, याचा तो जिवंत पुरावा आहे. परंतु एकेकट्याच्या आवडीने मक्तेदारी ढासळत नाही. ती उभी असते सरकारी निविदांवर, अभ्यासक्रमांवर, भरतीच्या अटींवर.

म्युनिक शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सचा मार्ग धरला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले. पुढे सत्तेची समीकरणे बदलली आणि २०१७ मध्ये त्याच परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. वरून आलेला निर्णय वरूनच गेला. २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने सुमारे ३० हजार संगणकांवर मुक्त कचेरी-संच बसवण्याचा निर्णय घेतला. तो टिकेल की नाही हे यंत्रांवर नव्हे, तर तेथील कर्मचारी तो आपला मानतात की नाही यावर ठरेल.

केरळमध्ये गोष्ट वेगळी घडली. २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथेही एका कंपनीचीच प्रणाली शिकवली जाणार होती. शिक्षकांच्या संघटनेने आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. शिक्षक स्वतः लिनक्स शिकले, त्यांनी सहकाऱ्यांना शिकवले, मल्याळम भाषेची सोय करून घेतली. दशक संपण्यापूर्वी राज्यातील शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आले. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या यंत्रणेने सुमारे २ लाख संगणकांवर ३ हजार कोटी रुपये वाचत असल्याचा हिशेब मांडला. सरकारे बदलली, व्यवस्था राहिली. कारण तिच्या मुळाशी शिक्षकांचे श्रम आणि संघटना होती.

मुक्ततेतील अंतर्विरोध

तथापि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समाजवाद, असा भाबडा समज करून घेणे घातक ठरेल. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश काम आज बड्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. गूगल, अॅमेझॉन यांचे अफाट नफ्याचे कारखाने याच सामुदायिक श्रमावर उभे आहेत. राष्ट्रीय अभियानातील अनेक महासंगणक ज्या सेंटओएस या लिनक्स आवृत्तीवर उभारले गेले, तिची कहाणी ध्यानात घेण्यासारखी आहे. तिची सूत्रे रेड हॅट कंपनीकडे होती. २०१९ मध्ये आयबीएमने ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि पुढे सेंटओएसची जुनी परंपरा गुंडाळण्यात आली. सातव्या आवृत्तीचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला.

मात्र येथेच मुक्त परवान्याचे सामर्थ्यही दिसले. मूळ संकेत खुला असल्यामुळे रॉकी आणि अल्मा या नावांनी तीच प्रणाली इतरांनी पुढे चालवली. विंडोज १० च्या बाबतीत असे काही करणे कायद्यानेच अशक्य आहे. मुक्त परवाना शोषण संपवत नाही. परंतु तो प्रतिकाराला जागा ठेवतो. ती जागा वापरण्यासाठी पगारी, प्रशिक्षित सार्वजनिक मनुष्यबळ लागते. कंत्राटी भरतीने पोखरलेल्या संस्थांकडून ते काम होणार नाही.

महाराष्ट्रापुढील काम

‘परम’चे जन्मस्थान पुणे, पण त्याच महाराष्ट्रात २००१ पासून चालणाऱ्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो तरुणांना संगणक म्हणजे मुख्यतः विंडोज आणि त्या कंपनीचा कचेरी-संच, हीच ओळख करून दिली. मराठी छापखान्यांची स्थिती याहून शोचनीय होती. विकतच्या टंकांत जुळवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा चुराडा होई. मराठी मजकूरच एका अर्थाने गहाण पडला होता. युनिकोडने आणि ‘लोहित’, ‘मुक्त’ यांसारख्या खुल्या टंकांनी ही गहाणवट बरीचशी सोडवली.

डाव्या चळवळीला संगणकाचे वैरी म्हणून हिणवण्याची जुनी रीत आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हा त्यांचा प्रश्न होता: यंत्राची मालकी कोणाची आणि त्याचा लाभ कोणाला? आज संगणक प्रत्येक मेजावर आला आहे आणि तोच प्रश्न अधिक तीव्रतेने समोर उभा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. २०१५ च्या धोरणाची अंमलबजावणी राज्याने बंधनकारक करावी आणि परवान्यांवरचा खर्च विधिमंडळापुढे मांडावा. शाळा व भरतीचे अभ्यासक्रम एका कंपनीच्या मालाला बांधू नयेत. विंडोज १० चे संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली बसवून पाहावी. सी-डॅकसारख्या संस्थांत कायम भरती करावी. शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी संघटनांनी स्वतः शिकण्याचे व शिकवण्याचे काम आजच हाती घ्यावे. नॉलेज सिटीतला महासंगणक ज्या ज्ञानावर चालतो, ते ज्ञान सर्वांचे आहे. ते गावच्या शाळेपर्यंत पोचवणे हे संघटित जनतेचे काम आहे.