मजुरी बुडवणारे आणि आपण



ज्वारीची पेरणी उरकली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की शहागडच्या पुलावरून माणसांनी भरलेले ट्रॅक्टर जायला लागतात. कोणी उसाला, कोणी वीटभट्टीवर, कोणी विहिरीच्या खोदाईला. शहरातल्या माणसाला वाटते, हे सगळे भूमिहीन मजूर. यातल्या कितीतरी जणांच्या नावावर दोन-चार एकरांचा सातबारा आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. कोरडवाहू रान वर्षभर पोसत नाही म्हणून सातबाऱ्याचा धनी चार महिने मजूर होतो. तेव्हा बुडालेली मजुरी हा कामगार संघटनांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे म्हणून चालायचे नाही.

मागच्या एका हंगामात आमच्या ओळखीची नऊ माणसे पाइपलाइनचे चर खोदायला गेली. बोली मीटरवर. खर्चीपुरते पैसे दर आठवड्याला मिळाले, बाकी ‘बिल निघालं की देतो’. सव्वीस दिवस काम झाले. बिल निघाले की नाही देव जाणे, ठेकेदाराचा फोन मात्र लागेनासा झाला. माणसे आमच्याकडे आली. आम्ही विचारले, एकूण चर किती मीटर झाला? नऊ जणांची नऊ उत्तरे. कामाचा खरा मालक कोण? एकालाही माहीत नाही. कृषी पदवी घेऊन मी वीस वर्षे शेतकऱ्यांना जमाखर्च लिहायला सांगत फिरलो, आणि माझ्याच माणसांकडे स्वतःच्या घामाचा हिशेब नव्हता.

त्यातल्या एका बाईने तो ठेवला होता. पोराच्या शाळेच्या वहीत मागच्या पानांवर रोज कोण आले, कुठल्या खुंटीपासून कुठल्या खुंटीपर्यंत चर झाला, खर्ची किती उचलली, सगळे. अक्षर वाकडे, पण एक दिवस चुकलेला नाही. ठेकेदाराचा माणूस अखेर समोर बसला तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, असा काही हिशेबच नाही. वही उघडल्यावर त्याने पाणी मागितले. पंधरा दिवसांत सात जणांचे पैसे आले. मधेच काम सोडून आलेल्या दोघांचे अजून यायचे आहेत.

कायदा काय सांगतो? १९३६ चा वेतन देण्याचा कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा, दोन्ही आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला मुदत सहा महिन्यांची होती. उसावरून माणूस परत येईपर्यंत ती संपत आलेली असे. आता मुदत तीन वर्षांची आहे. मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ठेकेदाराने दिली नाही, तर ज्याचे काम त्याने द्यायची. बुडवलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे.

यावर कोणी म्हणेल, मग वही कशाला, सिद्ध तर मालकाने करायचे आहे. पैसे दिले हे त्याने सिद्ध करायचे. पण तुम्ही तिथे होता, हे आधी दाखवावे लागतेच. म्हणून कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी ठेकेदाराचे पूर्ण नाव-गाव, मूळ मालकाचे नाव आणि ट्रॅक्टरचा नंबर लिहून घ्या. बोली ठरताना दोघे साक्षीला ठेवा. मोबाईलवर कामाचा फोटो काढा, सगळी टोळी दिसेल असा. अर्ज टोळीने मिळून, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही. वकिलाला पैसे नसतील तर अंबडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि पूर-दुष्काळाने नाडलेल्यांनाही तिथे मोफत वकील मिळतो. दुष्काळग्रस्त म्हणून आपल्याला आजवर जे जे देऊ केले गेले, त्यात ही एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

उसाची तऱ्हा वेगळी. तिथे पैसे आधी मिळतात आणि हिशेब कधीच मिळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण कोयत्याच्या नावावर किती टन पडले हे मुकादमाच्याच वहीत असेल, तर वाढ कोणाच्या पदरात पडली ते कसे कळणार? वजनाची पावती रोज मागा. आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडकवून ठेवणे, दुसरीकडे जाऊ न देणे, ही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आहे. त्याची तक्रार तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची.

सरकार तरी कुठे वेळेवर देते! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची आणि सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई, असे लिहिलेले होते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये होते. तिच्यावर दिवसाला भरपाई ९४ पैसे. ते ९४ पैसेसुद्धा मागितल्याशिवाय कोणी हातावर ठेवत नव्हते.

आता जे बोलायचे ते आपल्याच घरचे आहे. आपल्या रानात कापूस वेचायला बाया येतात, किलोवर. कित्येक ठिकाणी त्यांना सांगितले जाते, ‘कापूस विकला की देतो.’ भाव पडला म्हणून कापूस घरात, कापूस घरात म्हणून वेचणी बाकी. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, त्याचा जाब आपण दिल्लीला विचारू, विचारलाच पाहिजे. पण त्या निर्णयाची झळ वेचणाऱ्या बाईच्या आठवडी बाजारावर ढकलायची, हे कोणत्या न्यायाने? आपण व्यापाऱ्याला म्हणतो, माल नेला तर पैसे मोज. ती आपल्याला तेच म्हणते आहे. उशिरा देणारा प्रत्येक शेतकरी लबाड नसतो, त्याच्या घरातही रोकड नसते, हे मी जाणतो. मग दोन क्विंटल आधी विकून वेचणी भागवावी. भाव वाढेल म्हणून थांबायचे ते राहिलेल्या कापसावर थांबावे. आमच्यातल्या काहींना हे लिहिणे रुचणार नाही. त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे, मी ऐकून घेईन.

शहागडच्या पुढच्या बैठकीला येताना ज्यांची मजुरी बाहेर अडकली आहे त्यांनी ठेकेदाराचे नाव, दिवस आणि बाकी रक्कम एका कागदावर लिहून आणावी. लिहिता येत नसेल तर तिथे लिहून घेऊ. ज्यांच्याकडे दुसऱ्याची वेचणी बाकी आहे, त्यांनी बैठकीच्या आत ती देऊन टाकावी.