दुखणारं बोट आणि न दुखणारं बोट



या वेळचा विषय वाचून काही बहिणी हसतील. पायाच्या अंगठ्याचं नख, एवढ्यावर कुणी पानभर लिहितं का? आम्हीही आधी हसण्यावारीच नेलं होतं. पण या नखाने आमच्या घराला थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलं, आणि तिथून परत येताना दुसरंच एक दुखणं उघड केलं. म्हणून लिहितो आहोत.

कोल्हापुरात थंडी पडली की तालमींचा फुटबॉल सुरू होतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस असे संघ उतरले की पेठापेठांत दुसरा विषय नसतो. आमच्या सतरा वर्षांच्या मुलालाही तोच नाद. बूट पायाला आवळून बसला की बॉल ताब्यात राहतो, असं या पोरांचं म्हणणं. म्हणून त्याने एक नंबर लहान बूट घेतले. त्यातच अंगठ्याच्या नखाचे कोपरे आतपर्यंत गोल कापायची सवय. पंधरा दिवसांत अंगठ्याची आतली बाजू लाल झाली, मग सुजली, मग नखाच्या कडेला ओलं मांस वर आलं आणि पू येऊ लागला.

त्याने घरात सांगितलं नाही. सांगितलं तर सामना बंद होईल, ही भीती. आम्हाला कळलं ते नमाजमुळे. सज्द्यात पायाची बोटं वळतात, अंगठ्यावर भार येतो. एका मगरिबला तो सज्द्यातून उठताना कळवळला, तेव्हा मोजा काढायला लावला आणि बोट पाहिलं.

मग सुरू झाले घरगुती उपाय. कुणी म्हणालं नखुरडं आहे, बोटात लिंबू अडकवा. कुणी हळद आणि गरम तेल सांगितलं. कुणी म्हणालं नखाच्या मधोमध खाच पाडा, म्हणजे कडा आपोआप वर येतात. ओळखीच्या एकाने तर नेलकटरच्या टोकाने कोपरा कोरून काढला. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट सूज आली. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी पू कमी झाला, पण दुखणं जागच्या जागी.

पुढे सर्जनकडे गेलो, तेव्हा या सगळ्याचा उलगडा झाला. नखुरडं म्हणजे नखाभोवतीच्या मांसात जंतू शिरून झालेला पू. हा आजार वेगळा. यात नखाची कड खिळ्यासारखी मांसात रुतलेली असते. कोपरा खोल कापला की कडेचं मांस त्या रिकाम्या जागेवर चढतं आणि वाढणारं नख सरळ त्यात घुसतं. कापताना आत एखादी टोकदार कपची राहिली तर काम आणखी सोपं. वरून तंग बूट आणि घाम. म्हणून हे दुखणं तरुण मुलांत जास्त दिसतं. काटा आत असेपर्यंत गोळ्या कितीही खाल्ल्या तरी जखम भरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्हाला पटलं. नखाच्या मधोमध खाच पाडण्यालाही अर्थ नाही. नख मुळाकडून वाढतं, मधून नाही.

सुरुवातीलाच लक्ष गेलं असतं तर घरच्या घरी भागलं असतं. कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवायचा, नीट पुसायचा, रुतणाऱ्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवायची आणि पुढून मोकळं पायताण घालायचं. (घरात मधुमेहाचं माणूस असेल तर हा उपाय त्यांच्यासाठी नाही. त्याबद्दल पुढे लिहितो आहोत.) पण आमच्या मुलाचं मांस वर आलं होतं, पू होता. आता छोटी शस्त्रक्रियाच करावी लागणार होती.

शस्त्रक्रिया म्हटल्यावर घरातल्या बायकांचे चेहरे उतरले. झालं मात्र एवढंच: अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन. खरं दुखलं ते तेवढंच. मग बोटाला रबर आवळून रक्त थांबवलं आणि नखाची रुतलेली बाजू, अरुंद पट्टीएवढी, मुळापर्यंत उभी कापून काढली. पूर्ण नख काढलं नाही. पूर्ण नख उपटलं तरी मूळ तसंच राहतं आणि नवं नख पुन्हा त्याच वाटेने रुतू शकतं. म्हणून कापलेल्या पट्टीच्या मुळाला फिनॉल नावाचं औषध लावतात. त्याने तेवढ्याच भागातलं मूळ मरतं, नख थोडं अरुंद होतं, आणि दुखणं उलटण्याची शक्यता बरीच कमी होते. सगळं अर्ध्या तासात आटोपलं. मुलगा पट्टी बांधून, चप्पल हातात धरून, आमच्या खांद्याचा आधार घेत रिक्षात बसला. हे काम सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी विभागातही होतं. खर्चाच्या धास्तीने कुणी बोट कोरत बसू नये.

पहिले दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवायला सांगितला होता. साधी पॅरासिटामॉल पुरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी बदलली, पुढे घरी रोज आम्हीच बदलली. फिनॉल लावलेली जागा दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, पिवळसर पाझरत राहते. तो पू नसतो, घाबरू नये. पण लाली वर सरकू लागली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

आता वुजूचा प्रश्न. अनेक घरांत याच कारणाने पट्टी लवकर काढली जाते. जखम ओली होते आणि चिघळते. आम्ही मोहल्ल्याच्या मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पाणी लागल्याने जखमेला अपाय होत असेल तर पट्टी काढू नका. बाकीचा पाय जमेल तसा धुवा आणि पट्टीवरून ओला हात फिरवा. यालाच पट्टीवरचा मसह म्हणतात. मोज्यांवरच्या मसहला मुक्कामी माणसासाठी एक दिवस-रात्र आणि मुसाफिरासाठी तीन दिवस-रात्रींची मुदत आहे. पट्टीला तशी मुदत नाही. जखम बरी होईपर्यंत ही सवलत आहे, बरी झाली की पाय धुवायचाच. हनफी मसलकात रक्त किंवा पू वाहिला तर वुजू तुटतो, म्हणून सतत पाझरत असेल तर आपल्या इमामांना आपली हालत सांगून विचारावं. सज्द्यात अंगठा वळत नसेल तर जमेल तेवढंच करायचं. कुणावरही त्याच्या ताकदीपलीकडे ओझं टाकलं जात नाही, हे सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत आपण ऐकत आलो आहोत. आमच्या मुलाने दहा दिवस खुर्चीवर नमाज पढली. सुरुवातीला त्याला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. आता दुसरी.

मुलाची पट्टी बदलताना त्याचे दादा, म्हणजे आमचे अब्बा, शेजारी बसून बघत असत. बारा वर्षांचा मधुमेह. गोळ्या नियमित, पण पायांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ना त्यांचं, ना आमचं. एका दुपारी ते सहज म्हणाले, "माझ्याबी बोटाला कायतर झालंय, पण दुखत न्हाई." पाहिलं तर उजव्या पायाच्या अंगठ्याची नखाची कड रुतलेली, बाजूची कातडी काळसर आणि खाली ओली जखम. किती दिवसांची, ते त्यांनाही सांगता येईना. दर जुम्याच्या आधी ते स्वतः नखं काढत, चष्मा न लावता. कात्री लागली असणार, पण कळलंच नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला नायलॉनची बारीक तार टेकवून विचारलं, "लागतंय का?" अब्बा डोळे मिटून बसले होते. पुढच्या अर्ध्या पायाला तार लागलेली त्यांना कळत नव्हती. साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. मग काटा रुतला, बूट चावला, चटका बसला तरी मेंदूपर्यंत निरोपच जात नाही, आणि झालेली जखम भरायला रक्त पुरत नाही. अशा दुर्लक्षित जखमांपायी बोट, कधी पाऊलही काढावं लागतं.

अब्बांचं बोट वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. पण त्यासाठी तीन महिने लागले. आधी पायातलं रक्त कसं वाहतं ते तपासलं, साखर आटोक्यात आणायला इन्सुलिन सुरू झालं, मग रुतलेली कड सावकाश काढली. पोराचं बोट रात्र-रात्र ठणकत होतं, म्हणून ते तीन आठवड्यांत बरं झालं. अब्बांचं बोट गप्प होतं, म्हणून ते इतकं पुढे गेलं.

त्या दिवसापासून घरात काही नेम ठरले. ज्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस आहे, त्यांनी तरी ते पाळावेत.

रोज इशाच्या वुजूनंतर घरातलं कुणीतरी अब्बांचे पाय उजेडात पाहतं. तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या. वुजूत बोटांमध्ये खिलाल करणं सुन्नत आहे. तो केल्यावर त्याच जागा कोरड्या टॉवेलने टिपतो, कारण ओल राहिली की तिथे बुरशी येते आणि कातडी फुटते. पाणी गरम असेल तर आधी आम्ही कोपराने बघतो. त्यांना पायाने चटका कळत नाही, म्हणून पाय शेकणं आणि भिजत ठेवणं बंद. त्यांची नखं आता मुलगा काढतो, आडवी सरळ, कोपरे न कोरता. अनवाणी चालणं फक्त मशिदीत, आणि उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर तेही नाही, मोजे घालून.

कोल्हापुरी चपलेचं विचाराल, तर ती आपल्या गावची शान आहे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुढून मोकळी असल्याने तरुण पायाच्या अंगठ्याला ती जाचत नाही. पण नव्या चपलेचा कडक अंगठा आणि पट्टा चावतो, आणि बधिर पायाला ते चावणं कळत नाही. अब्बांनी जुनी कोल्हापुरी जपून ठेवली आहे. पायात मात्र मऊ, रुंद, बोटं झाकणारी पायताणं आली.

नखं काढणं आपल्याकडे फक्त टापटिपीची गोष्ट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती फितरतच्या पाच गोष्टींत गणली, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. चाळीस दिवसांपलीकडे नखं राहू देऊ नयेत, ही हद्द हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आली आहे. आपण जुम्याला नखं काढतो ती चांगलीच सवय. तेव्हाच दोन मिनिटं पायही बघितले, आपले आणि घरातल्या थोरांचे, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मुलगा दीड महिन्याने पुन्हा मैदानावर गेला, योग्य मापाचे बूट घालून. अंगठ्याचं पूर्ण नख नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे त्याचं बोट अजून जरा विचित्र दिसतं. त्याला त्याचं काही नाही. इशानंतर तो दादांसमोर मांडी घालून बसतो, त्यांचा पाय मांडीवर घेतो आणि मोबाईलच्या उजेडात एकेक बोट बघतो. अब्बा आधी पाय आखडून घ्यायचे, नातवाने पायाला हात लावावा हे त्यांना अवघड वाटायचं. आता तो यायला उशीर झाला, तर तेच हाक मारतात.

आज रात्री तुमच्या घरातल्या थोरांचे पाय एकदा बघा. दुखतंय का, एवढं विचारून भागत नाही. बघावंच लागतं.