घर सोडलं, तरी सही तिथंच!

धायरीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. ‘भांडण विकोपाला गेलं, मी माहेरी आले. आता हप्ते त्यांनीच भरायचे ना?’ असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही माहेरी आलात, पण कर्जाच्या कागदावरची सही तिथंच आहे! बँक प्रत्येकाकडून सगळं कर्ज मागू शकते, निम्मं नव्हे. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत वर्गात जातं. मग सन २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि तरीही भरणा झाला नाही तर घराचा लिलाव. शिवाय पत दोघांचीही बिघडते.

म्हणून रागाच्या भरात हप्ता बंद पाडू नका. तुम्ही भरलेल्या प्रत्येक रुपयाचा पुरावा जपा. बाकी किती, याचा उतारा बँकेकडून घ्या.

मग ठरवा, घर विकून कर्ज फेडायचं की एकानं ठेवायचं. एकानं ठेवायचं तर बँक त्याची एकट्याची मिळकत पाहते. पटलं तरच दुसऱ्याचं नाव कर्जातून काढते. घटस्फोटाच्या संमतीपत्रात ‘हप्ते पती भरतील’ असं लिहिलं, तरी ते बँकेवर बंधनकारक नसतं बरं का!

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. कर्जातून नाव काढल्याचं बँकेचं पत्र हाती आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. नाहीतर घर त्यांचं आणि कर्ज तुमचं, अशी गत व्हायची!