‘चालत नाही’ हे निदान नव्हे

३० जुलै २०२४ रोजी पहाटे केरळमधील वायनाडच्या मुंडक्कई आणि चूरलमला भागावर डोंगर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे दगावली. रस्ते आणि पूल गेले, वीज गेली, मोबाइलची सेवाही विस्कळीत झाली. अशा वेळी कलपेट्टा येथे हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, आपले केंद्र उभे केले आणि दुर्घटनेच्या जागेवरचे निरोप प्रशासनापर्यंत पोहोचवले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतही हेच घडले होते. दिल्लीच्या भारती प्रसाद यांचे हॅम पथक त्या वेळी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. दूरध्वनी बंद पडलेले असताना त्यांच्या रेडिओवरून अंदमानातल्या कित्येकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांना कळली.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा आतल्या माणसांशी फोनवर बोलता येत नाही म्हणून बाहेरचे नातलग किती हवालदिल झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. रुग्णालयाच्या दृष्टीने तर संपर्क हा उपचाराचाच भाग आहे. जखमी किती, कोणता रस्ता चालू, रक्त कुठून मिळेल, डायलिसिसचे रुग्ण कुठे हलवायचे, हे कळल्याशिवाय डॉक्टर हात जोडून बसण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

प्रत्येक आपत्तीनंतर ‘हॅम रेडिओ धावून आला’ अशा बातम्या येतात. मग आणखी संच घ्या, आणखी माणसे तयार करा, अशी मागणी होते. ती रास्तच आहे. पण एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. कपाटात ठेवलेला संच त्या दिवशी सुरू झालाच नाही, तर त्यातला बिघाड शोधणारे कोण आहे?

घरी जुळवलेला रेडिओ

परदेशी बनावटीचे तयार संच महाग असतात. म्हणून हॅम मंडळींमध्ये सुटे भाग आणून स्वतः संच जुळवण्याची जुनी परंपरा आहे. या बाबतीत भारताच्या नावावर एक चांगले काम आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाच्या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. साध्या बाजारात मिळतील असे ट्रान्झिस्टर, स्फटिक आणि हाताने गुंडाळलेल्या कॉइल यांवर तो चालतो. एका आवृत्तीत तर कॉइल गुंडाळण्यासाठी नळाचे वायसर वापरले होते. पुढे याच घराण्यातील ‘बिटएक्स ४०’ आणि ‘मायक्रो बिटएक्स’ हे संच जगभर गेले. ७ ते १० वॅट एवढ्याच ताकदीचा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हा संच हवामान साथ देत असेल तर शेकडो किलोमीटरवर आवाज पोहोचवतो. अर्थात प्रक्षेपण करायचे तर सरकारी परीक्षा आणि परवाना लागतो. नुसते ऐकत शिकायला सुरुवात करता येते.

संच जुळवून झाला, बॅटरी जोडली, बटण दाबले आणि काहीच झाले नाही, असा प्रसंग जवळजवळ प्रत्येक जुळवणाऱ्यावर येतो. मग तो मित्राला फोन करून सांगतो, ‘चालत नाही.’ बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येणाऱ्या ‘बरं वाटत नाही’ची ही सख्खी बहीण! दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, पण तेवढ्यावर उपचार करता येत नाहीत. आणि दोन्हीकडे मोहही सारखाच असतो. तिकडे अंदाजाने तीन गोळ्या लिहायच्या, इकडे अंदाजाने तीन भाग बदलायचे. भाग काढताना छापील पट्टीवरची तांब्याची रेघ उखडते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आधी विचारा, मग पाहा

पहिले काम इतिहास घेण्याचे. संच कधीच चालला नव्हता, की चालत होता आणि बंद पडला? या एका उत्तराने शोधाची दिशा ठरते. कधीच चालला नसेल तर जुळवणीतली चूक असण्याची शक्यता जास्त. चालून बंद पडला असेल, तर आधी काय झाले ते विचारायचे. बॅटरी उलटी जोडली का? अँटेना न लावता बोललात का? प्रवासात हादरे बसले का?

दुसरे काम डोळ्यांचे. भरपूर उजेड, एक भिंग आणि अर्धा तास एवढेच भांडवल. नव्या किटमधले बिघाड बहुधा ठरलेले असतात: ड्राय सोल्डर, म्हणजे वरून चिकटलेला दिसणारा पण आत न धरलेला डाग; दोन टाके जोडणारा सोल्डरचा बारीक थेंब; उलटा बसवलेला डायोड किंवा कपॅसिटर; रंगपट्ट्या वाचताना गल्लत झालेला रेझिस्टर. यांत आणखी एक लपून बसणारा बिघाड असतो. कॉइलच्या तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. तो टोकाला नीट खरवडला नाही, तर डाग छान चकाकतो, पण वीज पलीकडे जात नाही. मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहिली की तो लगेच सापडतो.

वैद्यकशास्त्रात विद्यार्थ्यांना शिकवतात की सामान्य आजार सामान्यपणे आढळतात. दुर्मीळ आजार आधी शोधू नका. रेडिओलाही हे लागू आहे. आयसी जळाला असेल, असे वाटण्याआधी डाग तपासावेत.

तिसरे काम नाडी पाहण्याचे. पहिल्यांदा वीज देताना बॅटरी थेट जोडू नये. मोटारीचा १२ व्होल्टचा छोटा दिवा मालिकेत जोडावा. संचात कुठे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि संच वाचतो. नंतर संच किती प्रवाह घेतो ते मोजून माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहावे. प्रवाह अजिबात नसेल तर वीज आतच जात नाही. फार असेल तर कुठेतरी गळते आहे. यानंतर ठरावीक ठिकाणचे व्होल्ट मोजावेत. पाच व्होल्टच्या रेग्युलेटरमधून खरेच पाच येतात का? चालू असलेल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टचा फरक असतो. तो आहे का? आणि मीटरचा आकडा विचित्र वाटला तर आधी मीटरचा सेल तपासावा.

अर्धे अर्धे करत जाणे

रेडिओत दहा टप्पे आहेत असे धरा. एका टोकाला अँटेना, दुसऱ्या टोकाला स्पीकर. एकेक तपासत गेलो तर दहा तपासण्या होतील. त्याऐवजी मधोमध तपासावे. व्हॉल्यूमच्या मधल्या पिनला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावून त्याच्या धातूला बोट टेकवले की स्पीकरमधून घुं असा आवाज यायला हवा. आला, तर तिथून स्पीकरपर्यंतचा भाग ठीक. नाही आला, तर दोष त्याच भागात. मग उरलेल्या निम्म्याच्या मधोमध पुन्हा तसेच. तीन-चार तपासण्यांत दोष एका टप्प्यावर येऊन थांबतो. ही बोटाची चाचणी मात्र फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या संचासाठीच. घरातल्या विजेवर चालणाऱ्या उपकरणात ती जीव घेऊ शकते.

आवाज आहे पण स्टेशन ऐकू येत नाही, अशी तक्रार असेल तर अँटेना काढून पुन्हा जोडावी. जोडल्यावर खरखर वाढली, तर अँटेनापासूनची वाट बहुधा मोकळी आहे. मग संदेशाची वारंवारता ठरवणाऱ्या आंदोलकाकडे वळावे. तो जिवंत आहे की नाही हे शेजारी दुसरा रेडिओ ठेवून ऐकता येते.

बिटएक्स पद्धतीच्या संचाची एक गंमत निदानाला फार उपयोगी पडते. त्यात ऐकण्याचा आणि बोलण्याचा बराचसा मार्ग एकच आहे. तेच फिल्टर आणि तोच आंदोलक दोन्हीकडे कामाला येतो. आता तक्रार अशी समजा की ऐकू येते, पण बोललेले बाहेर जात नाही. ऐकू येते याचा अर्थ वीजपुरवठा, आंदोलक आणि स्फटिकांचे फिल्टर शाबूत आहेत. उरते काय? बोलण्याचे बटण, रिले, माइकचा प्रवर्धक आणि शेवटचे ताकद देणारे टप्पे. बटण दाबल्यावर रिलेची टिकटिक होते का? प्रवाह थोडा वाढतो का? तो वाढला, पण माइकमध्ये ‘हॅलो’ म्हटल्यावर हलला नाही, तर संशय माइककडे आणि त्याच्या लगतच्या भागाकडे जातो. न बोलताच तो भरमसाट वाढला, तर शेवटच्या ट्रान्झिस्टरला चुकीचा बायस मिळतो आहे, तो स्वतःच आंदोलन करू लागला आहे किंवा शॉर्ट झाला आहे. बटण लगेच सोडावे. एकाही भागाला हात न लावता आपण निम्म्याहून अधिक संच संशयातून मुक्त केला!

प्रक्षेपणाची प्रत्येक चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवर करावी. लोड किंवा अँटेना न जोडता बोलल्यास शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. आयआरएफ ५१० सारख्या ट्रान्झिस्टरची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. हीटसिंक आणि ती यांमध्ये अभ्रकाची चकती राहिली नाही, तर थेट शॉर्ट होतो.

येतो-जातो असा बिघाड सर्वांत त्रासदायक. झटके येणाऱ्या रुग्णासारखा, डॉक्टरसमोर अगदी ठणठणीत. तिथे पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेका भागावर हळूच टिचकी मारत जावे. कुठे आवाज तुटतो ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक नोंद वहीत लिहावी. ती वही म्हणजे संचाचा केसपेपर. पुढच्या वेळी दुसरा कोणी दुरुस्त करणार असेल, तर त्याला ती सर्वांत आधी लागेल.

दुरुस्त करणाऱ्याची प्रकृती

सोल्डरमधल्या शिशाची वाफ डाग देण्याच्या तापमानाला नगण्य असते. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. म्हणून काम करताना खाणे-पिणे नको आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुले आणि गर्भवती यांच्यापासून हे काम दूर ठेवावे. धुराचा त्रास खरा आहे, पण तो रोझिनच्या फ्लक्सचा. त्याने दमा बळावू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. बॅटरीला फ्यूज असावा आणि हातातली अंगठी काढून ठेवावी. बॅटरीची दोन टोके अंगठीने जोडली गेली तर बोट खोलवर भाजते. दहा वॅटचे प्रक्षेपण चालू असताना अँटेनेच्या टोकाला हात लावला तरी चटका बसतो.

कौशल्याची गुंतवणूक

हा विषय मला रेडिओपुरता वाटत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी आरोग्य संस्थांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यातूनच २०१५ मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. दोन्ही पावले योग्य आहेत. पण हक्क मिळाला, सुटे भाग मिळाले, तरी बिघाड शोधणारा माणूस लागतोच. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने ‘आउट ऑफ ऑर्डर’ची चिठ्ठी लावलेले यंत्र पाहिलेले असते. त्या चिठ्ठीवर काय बिघडले आहे, हे लिहिलेले क्वचितच असते.

बिघाड शोधणे ही काही जन्मजात देणगी नाही. विचारणे, पाहणे, मोजणे, विभागणे आणि नोंद करणे या क्रमाने ती शिकवता येते. घरगुती रेडिओ किट हे त्यासाठीचे स्वस्त आणि सुरक्षित साधन आहे, कारण तिथे चूक झाली तर नुकसान एका ट्रान्झिस्टरचे होते. आयटीआयमध्ये, अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि शाळांच्या विज्ञान मंडळांत किट जुळवून घेण्यावर थांबू नये. शिक्षकांनी चालू संचात मुद्दाम एक दोष घालावा आणि विद्यार्थ्यांना तो शोधायला सांगावा. जिल्हा पातळीवरील आपत्ती सरावातही नुसते ‘आवाज येतोय का’ एवढेच पाहू नये. एक संच मुद्दाम बंद करून ठेवावा आणि मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि दोन तास द्यावेत. संच त्या वेळात सुरू झाला नाही, तर आपल्या तयारीत नेमकी उणीव कुठे आहे, हे पाऊस येण्याआधीच कळेल.