चौथी पायरी भंगारबाजाराची

अणुदुर्घटनेची बातमी आली की पहिली चर्चा होते ती तीव्रतेच्या आकड्याची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने १९९० मध्ये आलेल्या या श्रेणीत सात पायऱ्या आहेत. पहिल्या तीन ‘घटना’, पुढच्या चार ‘अपघात’. दर पायरीला तीव्रता साधारण दहापट वाढते. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या पायरीवर आहेत.

भारतातील नोंदी मात्र वेगळेच काही सांगतात. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राच्या टर्बाइन इमारतीत आग लागली व केंद्राचा अंतर्गत वीजपुरवठाही खंडित झाला. या प्रसंगाला तिसरी पायरी मिळाली. त्याहून वरची, चौथी पायरी मिळाली ती एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजाराला. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० तेथे उघडे पडले आणि एकाला प्राण गमवावे लागले. अणुभट्टीचा मागमूसही नसलेल्या बुऱ्हाणपुरात किंवा मडगावातही असे भंगार पोहोचू शकते.

आकड्याची दुसरी मर्यादा काळाची आहे. फुकुशिमाला १२ मार्च २०११ रोजी चौथी, १८ मार्चला पाचवी आणि १२ एप्रिलला सातवी पायरी देण्यात आली. मात्र वीस किलोमीटर परिसर रिकामा करण्याचा आदेश १२ मार्चलाच निघाला होता. श्रेणी घडून गेलेल्याचे मोजमाप करते. लोकांनी घर सोडावे की दारे-खिडक्या बंद करून आत थांबावे, हे ती सांगत नाही.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीकाठी कैगा केंद्र आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम आढळले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेल्याचे तपासणीत दिसले. भट्टी सुरक्षित होती, तरी माणसे बाधित झाली.

म्हणून राज्य प्रशासनाकडे मागणी करायची ती दोन गोष्टींची. कैगाबाबतची सूचना काणकोणच्या गावांपर्यंत कोण, कोणत्या मार्गाने पोहोचवणार, हे मराठी व कोंकणीत आधीच जाहीर व्हावे. आणि पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पात्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह प्रत्येक भंगार व्यावसायिकाला व त्याच्याकडील कामगाराला ओळखता यावे. ते दिसताच वस्तू न फोडता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे, एवढे प्रशिक्षण त्यांना मिळावे.