आधी साल खरवडून पाहा!

वैशाखातल्या उन्हाने अंगणातल्या जास्वंदीची पाने कडेने करपली, की घरोघरी दोनच उपाय सुचतात. औषध फवारा, नाही तर झाड उपटून टाका! विद्यार्थी मित्रांनो, मला हे दोन्ही उपाय घाईचे वाटतात. आधी निदान, मग उपचार, हा नियम झाडांनाही लागू आहे.

पानांच्या रंध्रांवाटे पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा हा खर्च वाढला, की पानाची कड प्रथम वाळते. उन्हाच्या बाजूची बहुतेक पाने एकदमच करपली असतील, तर दोष बहुधा उन्हाचा. ठिपके विखुरलेले असून दिवसेंदिवस पसरत असतील, तर रोगाचा संशय घ्यावा.

आता वाळक्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवा थर दिसला, तर फांदी जिवंत आहे. झाडाला सकाळी मुळाशी भरपूर पाणी घाला, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, दुपारी सावली करा. खत नको. छाटणीही पावसाळ्यापर्यंत नको, कारण करपलेली पानेसुद्धा आतल्या फांद्यांवर सावली धरतात.

मृगाच्या सरींनंतर त्याच फांदीवर बहुधा कोंब दिसतील. तोवर धीर धरणे, हाही उपचारच नव्हे काय?