पोपट जाळू नका

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका बोळात, जेमतेम दोन माणसं बसतील एवढ्या दुकानात, मागच्या वर्षी आत्याची पैठणी घेऊन गेलो होतो. साडी पार विरली होती. घडी उलगडली की घडीवरच चिरत होती. दुकानदाराने काठातली एक तार उसवली, कसोटीवर घासली, मान हलवली आणि कात्री उचलली. काठ-पदर कापून घ्यायचे, वजन करायचं, उरलेलं रेशीम आम्ही घरी न्यायचं, असा तो व्यवहार. "खरी जर आहे. चांदी चांगली निघेल." पदरावर मुनियांची रांग होती, पोपटांची. पानासारख्या हिरव्या, लाल चोचीच्या. मी विचारलं, "आणि हे पोपट?"

"ते जळतात."

मी पदरावर हात ठेवला आणि साडी परत घेतली. दुकानदाराला बोल लावायचं कारण नाही. त्याचा धंदा चांदीचा, आणि साडी त्याच्या दारात नेणारा मीच.

पण त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. पैठणीच्या पदरात जर असते ती जमीन. नक्षी असते रेशमाची. सोन्यावर मीना भरावा तसे जरीच्या जमिनीवर रंगीत रेशमाचे पक्षी, फुलं, वेली भरलेल्या असतात. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन बसतो. हिरवा जिथे संपतो तिथे शेजारच्या जरीच्या धाग्यात तो अडकवतो आणि मागे फिरतो. पुन्हा पुढची ओळ, पुन्हा तेच. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. भरगच्च पदराला महिनेच्या महिने लागतात. भट्टीत घातला की आपल्या हाती चांदी येते, म्हणजे नुसती जमीन. मोर, कमळ, मुनिया यांची राख होते.

१७६८ सालच्या एका पत्रात माधवराव पेशव्यांनी असावली दुपट्ट्यांची मागणी केली आहे. रंग सांगितलेत तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. असावली म्हणजे फुलांनी लगडलेली वेल. राज्याच्या धबडग्यातल्या माणसाला कापडावर कोणती वेल हवी हे नावानिशी ठाऊक होतं! आज लक्ष्मी रस्त्यावर साडीमागून साडी उलगडा, मोर आणि मोरच. मोराशी माझं वैर नाही. बांगडी मोराचा पदर पाहून कुणाचीही नजर ठरते. पण असावली, अक्रोटी, हुमा परिंदा ही नावं निदान आजीच्या तोंडी तरी होती. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जाईल. पण ज्या नक्ष्या नव्या मागावर चढतच नाहीत त्या फक्त जुन्या कपाटांत आहेत, आणि तिथून त्या वजनावर चालल्या आहेत.

हे बुधवारात बोलायचं कारण आहे. ही पेठ कापडाची जाणती. इथल्या विठोबाचं नावसुद्धा देवळापुढे पासोड्या विकल्या जात म्हणून पासोड्या विठोबा पडलं. तुळशीबागेत खण हातात घेऊन पोत बघणाऱ्या बायकांच्या चार पिढ्या झाल्या. शेजारी विश्रामबागवाड्यात लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे कोरलेत, पेशवाई वाड्यांतून केळफुलं लटकतात. लाकूड कोरणारा आणि पदर विणणारा, दोघांनी एकाच बागेकडे पाहिलं होतं. वाडे पाडले तेव्हा असे कोरीव खांब जुन्या लाकडाच्या भावाने गेले. आता हळहळतो आपण.

विल्यम मॉरिस हा इंग्रज आपल्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या चोरणारे पक्षी पाहत बसे. १८८३ साली त्याने ते कापडावर उतरवले. ती नक्षी आजही छापली जाते, विकली जाते. पण त्याची नजर नुसती बागेत तयार झाली नव्हती. लंडनच्या संग्रहालयातली जुनी कापडं त्याने तासन् तास अभ्यासली होती. जुनं कापड समोर होतं म्हणून नवं सुचलं. पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या विणकरापुढे आपण काय ठेवणार आहोत?

तर विनंती अशी. जुनी जरीची साडी विकायची असेल तर विका. विरलेल्या साडीचं ओझं सगळ्यांनाच झेपत नाही. पण आधी एक सकाळ द्या. पदर खिडकीच्या उजेडात सपाट पसरा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. काठाचा आणि बुट्टीचा जवळून वेगळा फोटो घ्या. साडी कुणाची, कधीची, घरात तिला काय म्हणत, हे एका कागदावर लिहा. आत्या, मावशी, काकू आहेत तोवर विचारा. ठेवायची असेल तर मलमलीत गुंडाळा, घडी अधूनमधून बदला, डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत.

जुनी जर घेणाऱ्या दुकानदारांनो, भट्टीआधी पदर एक दिवस बाजूला ठेवाल? वस्त्रकला शिकणाऱ्या मुलामुलींनी भिंग आणि आलेखाचा कागद घेऊन यावं आणि धागे मोजून नक्षी उतरवावी. नुसत्या फोटोवरून माग चालत नाही, मोजलेल्या घरांवरून चालतो. पेठेतल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतला एक दिवस जुन्या पदरांसाठी ठेवावा. नवरात्रात तांबड्या जोगेश्वरीला येणाऱ्या बायकांनी एकेक जुना पदर सोबत आणला, तर तेवढ्यानेच केवढं दालन उभं राहील! अडकित्तासुद्धा जपण्याजोगा असतो हे दाखवून देणारं केळकर संग्रहालय शेजारच्याच शुक्रवारात आहे. एकदा जाऊन पाहा.

आत्याचा पदर आता माझ्या टेबलावर पसरलेला आहे. एका ओळीत अकरा मुनिया. सातवीची चोच लाल नाही, केशरी आहे. विणकराचं लाल रेशीम तेवढ्यापुरतं संपलं असावं. वजनकाट्यावर हे दिसलं नसतं. तुमच्या कपाटात काय आहे, ते या रविवारी उघडून बघा.